आरसा कमरेपासून वर

पस्तीस वर्षं उभा आहे मी
रास्ता पेठेत, एकाच खुर्चीमागे.
खुर्ची फिरते, वर-खाली होते. मी नाही.
गिऱ्हाइकाला म्हणतो, मान खाली घाला,
स्वतः कधी घातली नाही.
समोरचा आरसा कमरेपासून वर.

घोट्याच्या वर कातडी काळवंडली,
चहा सांडून वाळावा तशी.
पोटरीवर निळ्या गाठी.
मी म्हणालो, वय. कुंदा म्हणाली, उभं राहणं.
बाकावरचे म्हणाले, शुगर तपासा
(पुण्यात प्रत्येकाला दुसऱ्याची शुगर माहीत असते).
तपासली. नव्वद.

मग एका रविवारी, ऐन गर्दीत,
एका पोरानं पेपर खाली केला.
"काका, रक्त."
मी हातातल्या गालाकडे पाहिलं. कोरा.
"तिथं नाही. तुमचं."
अर्धं ब्लेड. स्लिपर भेदून अंगठ्याखाली.
सकाळपासूनचं असणार,
फरशीवर ठसेच ठसे,
आरशापासून नळापर्यंत, नळापासून आरशापर्यंत.
दुसऱ्याच्या हनुवटीवर एक थेंब यायच्या आत
ज्याचा हात थांबतो, त्याचे ठसे.

सोमवारी दुकान बंद.
डॉक्टर बोथरा, माझ्या धाकटीच्या वयाची.
तिनं स्टीलचा दोन दातांचा काटा तळहातावर आपटला
आणि आधी माझ्या कपाळावर टेकवला :
"असं वाटायला हवं."
कपाळात भुंगा शिरला.
मग घोट्यावर. "थांबलं की सांगा."
काय सांगणार? सुरूच झालं नव्हतं.

मग नायलॉनचा एक दोरा, राठ केसाएवढा.
"डोळे मिटा. लागलं की हो म्हणा."
केसाचं वजन मला कुणी शिकवायचं नाही.
जावळाचं वेगळं, मिशीचं वेगळं,
पांढरा केस काळ्यापेक्षा हट्टी.
दिवसभर पायांवर पडत राहायचे, टोचायचे,
घरी गेलो की कुंदा उंबऱ्यातूनच :
आधी पाय धुवा.
ते टोचणं कधी थांबलं?
कुठल्या साली? शेवटचे केस कुणाचे होते?
"हो," मी म्हणालो.
डोळे उघडले तर दोरा तिच्या हातात, हवेत.

रक्त वर चढत नाहीये काका, ती म्हणाली,
झडपा सैल पडल्यात, खाली तुंबतंय,
त्यात नसाही खराब होत जातात.
मी विचारलं, कुठली नस?
आपण तर दोन्हींना नसच म्हणतो,
रक्त नेते तिलाही,
मुंगी चावली म्हणून सांगत येते तिलाही.
ती हसली. म्हणाली, तुमच्या पायानंही
फरक केलेला नाही.

परत येताना नागझरीच्या पुलावर थांबलो.
नावात अजून झरा आहे.
खाली काळं पाणी, हलत नाही,
आणि काठावरची माणसं निवांत भाजी निवडतायत,
वास येत नाही त्यांना.
मलाही आला नाही, म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदा
आला.

बरं, मेलाय म्हणावं तर गप्प पडावं ना त्यानं?
रात्री दोनला पेटतो.
जिथं ब्लेड कळलं नाही तिथंच निखारे.
कुंदा उठते, उशी दुमडून पायाखाली सारते,
सकाळी तो तपकिरी मोजा चढवते,
दात-ओठ खाऊन, गुडघा माझ्या मांडीवर रोवून.
म्हणते, लग्नात एवढी ओढाताण झाली नव्हती.

आता दुकान बंद करताना
शटर अर्धं खाली ओढतो,
स्वतःच्याच खुर्चीत बसतो, मोजा उतरवतो,
मशीन सुरू करून त्याची पाठ गुडघ्याला लावतो.
भुंगा आहे.
दोन बोटं खाली, आहे.
चार बोटं, आहे, लांबून,
शेजारच्या इमारतीत पंप चालू असावा तसा.
मग हाताला कळत राहतं, पायाला नाही.
तिथं पेनानं रेघ मारतो.

कालची रेघ अंघोळीत पुसलेली असते.
म्हणून नक्की सांगता येत नाही
किती सरकली.